हार्पवादन, आयरिश

आयर्लंडमधील हार्प ह्या तंतुवाद्यावरील पारंपरिक संगीताचे वादन. आयरिश भाषेत ह्या वाद्यास ‘क्रुट’ व ‘क्लारशख’ अशी नावे आहेत. आयर्लंड, स्कॉटलंड, ब्रिटनी (फ्रान्स) ह्या केल्टिक भाषांच्या प्रदेशांत आज वाजविल्या जाणाऱ्या लहान हार्पना एकत्रितपणे ‘केल्टिक हार्प’ असे म्हटले जाते. तथापि हे नाव आधुनिक काळातील आहे. मध्ययुगीन आयरिश हार्प व आजची केल्टिक हार्प ह्यांच्यात घडण, तारा, हातांची ठेवण आणि वाजविल्या जाणाऱ्या रचना ह्या सर्वच बाबतींत मोठा फरक आहे. जुनी वादनपरंपरा एकोणिसाव्या शतकात लोप पावली व आज पारंपरिक म्हणून ओळखली जाणारी शैली मुख्यतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडली. मधल्या खंडातून काय टिकले व काय टिकले नाही, हा आयरिश हार्पच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय.

वाद्याची घडण : हार्पमध्ये प्रत्येक स्वरासाठी स्वतंत्र तार असते. ह्या दृष्टीने तिचे भारतीय स्वरमंडलाशी साम्य आहे. मात्र स्वरमंडलाच्या तारा ध्वनिपेटीच्या पृष्ठभागाला समांतर असतात, तर हार्पच्या तारा ध्वनिपेटीतून वर उभ्या निघून मानेतील खुंट्यांना गुंडाळलेल्या असतात. समुद्रगुप्ताच्या सुवर्णनाण्यांवर दिसणारी धनुष्याकृती वीणा ही ह्याच वाद्यजातीतील आहे. यूरोपीय हार्पमध्ये ध्वनिपेटी व मान ह्यांना जोडणारा पुढचा स्तंभ असल्याने तिला त्रिकोणी आकार येतो आणि तारांचा मोठा ताण सहन करता येतो.

जुन्या आयरिश हार्पची ध्वनिपेटी बहुधा विलो (वाळुंज) वृक्षाच्या एकाच ओंडक्यातून कोरून काढीत. तिचा स्तंभ जाड व बाकदार असे. तारा पितळेच्या असत व त्यांचा झंकार घंटानादासारखा दीर्घकाळ टिकत असे. डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयात जतन केलेली हार्प हा ह्या प्रकाराचा सर्वांत प्रसिद्ध नमुना होय. १०१४ मध्ये क्लॉनटार्फच्या लढाईत मारला गेलेला राजा ब्रायन बोरू ह्याची ती हार्प असल्याची आख्यायिका आहे. परंतु तिची घडण चौदाव्या-पंधराव्या शतकांतील असल्याचे अभ्यासकांचे मत आहे. एडिंबरो येथील स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयातील ‘क्वीन मेरी’ व ‘लॅमंट’ ह्या दोन हार्पही ह्याच प्रकारातील आहेत.

जुनी वादनपद्धती : वादक हार्प डाव्या खांद्याला टेकवीत असे. डाव्या हाताने वरचे स्वर व उजव्या हाताने खालचे स्वर वाजविले जात. आजची पद्धत ह्याच्या नेमकी उलट आहे. तार बोटांच्या मांसल टोकांनी न छेडता वाढविलेल्या नखांनी छेडीत. पितळी तारेचा नाद लवकर विरत नसल्यामुळे एका स्वरावर दुसरा स्वर चढून गोंगाट होण्याचा धोका असतो. त्यामुळे कोणती तार केव्हा छेडावी ह्याइतकेच, कोणती तार केव्हा बोटाने दाबून शांत करावी ह्यालाही जुन्या वादनात महत्त्व होते. सप्तकांच्या मध्यभागी एकाच स्वरात जुळविलेल्या दोन लगतच्या तारा असत; त्यांना ‘भगिनी’ म्हणत. वाद्य जुळविताना प्रथम ह्या दोन तारा मिळवून घेत व तेथून पुढे पंचमभावाने इतर तारा लावीत.

राजाश्रय : प्राचीन आयरिश विधिग्रंथांनुसार वादकांपैकी फक्त हार्पवादकाला स्वतंत्र नागरिकाचा दर्जा होता. ११८५ मध्ये राजपुत्र जॉनबरोबर आयर्लंडमध्ये आलेल्या गिराल्डस कँब्रेन्सिस ह्या वेल्श धर्मोपदेशकाने आयरिश लोकांवर अनेक बाबतींत कठोर टीका केली. मात्र त्यांच्या वादनातील द्रुत गती, अचूकपणा व माधुर्य ह्यांची त्याने मुक्तकंठाने स्तुती केली आहे. तारा पितळेच्या असल्याची नोंदही त्याच्या लेखनात आढळते. गेलिक सरदारांच्या दरबारात कवी, काव्य म्हणून दाखविणारा पाठक आणि त्याला साथ करणारा हार्पवादक असे त्रिकूट असे. स्तुतिकाव्य व विलापिका ह्यांना साथ करणे हे वादकाचे मुख्य कार्य होते. हे संगीत गुरुमुखातून शिकले जाई. ते लिहून ठेवण्याची प्रथा नव्हती.

किन्सेलच्या लढाईतील (१६०१) पराभव आणि १६०७ मध्ये उत्तरेकडील प्रमुख गेलिक सरदारांनी केलेला देशत्याग ह्यांमुळे ही समाजव्यवस्था कोसळली. दरबारच नाहीसे झाल्यावर हार्पवादक गावोगावच्या जमीनदारांच्या वाड्यांवर फिरून वादन करू लागले. देवीच्या रोगाने दृष्टी गेलेल्या मुलांना उपजीविकेचे साधन म्हणून हार्प शिकविण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे सतराव्या-अठराव्या शतकांतील अनेक नामवंत वादक अंध होते.

ओ’कॅरलन : ह्या फिरत्या वादकांत टर्लॉ ओ’कॅरलन (१६७०–१७३८) हा सर्वश्रेष्ठ रचनाकार मानला जातो. मीथ परगण्यातील नॉबर गावाजवळ त्याचा जन्म झाला. अठराव्या वर्षी देवी येऊन त्याची दृष्टी गेली. त्याच्या वडिलांच्या मालकीण मॅक्डरमट रो ह्यांनी त्याला तीन वर्षे हार्पचे शिक्षण देवविले आणि त्यानंतर एक घोडा व एक वाटाड्या देऊन त्याची रवानगी केली. उशिरा शिकल्यामुळे वादक म्हणून तो सामान्यच राहिला, असे समकालीनांचे मत होते. परंतु रचनाकार म्हणून त्याची कीर्ती देशभर पसरली. आश्रयदात्यांच्या सन्मानार्थ त्याने केलेल्या चालींना ‘प्लँक्स्टी’ म्हणतात. त्याच्या संगीतात जुन्या आयरिश चालींबरोबरच कोरेल्ली व व्हिव्हाल्डी ह्या इटालियन रचनाकारांचा प्रभाव दिसतो. १९५८ मध्ये डॉनल ओ’सलिव्हन ह्या अभ्यासकाने त्याच्या दोनशेहून अधिक चाली संपादित करून प्रसिद्ध केल्या. त्या आजही वादकांच्या नित्य संग्रहात आहेत. मात्र त्यांची केवळ मुख्य स्वरावलीच उपलब्ध आहे. खालच्या स्वरांसाठी ओ’कॅरलन कोणती योजना करीत असे, ह्याची विश्वसनीय नोंद नाही.

बेलफास्टचा मेळावा : अठराव्या शतकाच्या अखेरीस हार्पवादक झपाट्याने कमी होऊ लागले. हे संगीत नष्ट होण्यापूर्वी लिहून घ्यावे, ह्या हेतूने जुलै १७९२ मध्ये बेलफास्ट येथे वादकांचा मेळावा भरविण्यात आला. बालपणी हार्प शिकलेले डॉ. जेम्स मॅकडॉनेल हे त्याच्या संयोजकांपैकी प्रमुख होते. जाहिराती देऊन व बक्षिसे लावूनही दहाच आयरिश वादक जमले. त्यांच्याबरोबर एक वेल्श वादक होता. रोझ मूनी ही त्यांतील एकमेव स्त्री होती. पहिले पारितोषिक चार्ल्स फॅनिंग ह्यास मिळाले. चाली टिपून घेण्याचे काम एडवर्ड बंटिंग (१७७३–१८४३) ह्या एकोणीस वर्षांच्या चर्च-ऑर्गनवादकाकडे सोपविण्यात आले होते. मूळ चालीत एकही स्वर स्वतःचा घालू नये, अशी त्याला सूचना होती.

जमलेल्या वादकांत डेनिस हेम्पसन हा सर्वांत वृद्ध होता. त्याचे वय नव्वदीच्या पुढे होते. लांब, वाकड्या नखांनी तारा छेडण्याची जुनी पद्धत ह्या मेळाव्यात केवळ त्याच्या वादनात दिसली. बाकीचे वादक बोटांच्या टोकांनी वाजवीत होते. ओ’कॅरलनच्या नव्या वळणाच्या रचनांपेक्षा त्याहून जुन्या चाली वाजविणे हेम्पसनला पसंत असे. बंटिंगने पुढे मॅगिलिगन येथे त्याच्या घरी जाऊनही चाली टिपल्या. हेम्पसन १८०७ मध्ये मरण पावला. १७०२ मध्ये घडविलेली त्याची ‘डाउनहिल’ हार्प आज डब्लिनमध्ये गिनेस ह्या मद्यनिर्मिती संस्थेच्या संग्रहात आहे.

बंटिंगने आपले उर्वरित आयुष्य ह्या संगीतास वाहून घेतले. त्याचे तीन संग्रह १७९६, १८०९ व १८४० मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या संग्रहात ६६ चाली आहेत. टॉमस मूर ह्या कवीने आपल्या लोकप्रिय गीतांसाठी ह्या संग्रहांतील अनेक चाली घेतल्या. गीतांचे आयरिश शब्द मिळविण्यासाठी बंटिंगने १८०२ मध्ये पॅट्रिक लिंच ह्यास कॉनॉट प्रांतात पाठविले होते. परंतु त्याने जमविलेले शब्द संग्रहांत छापले गेले नाहीत. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात बंटिंगची हस्तलिखिते सुरक्षित आहेत.

बंटिंगचे कार्य मौलिक असले, तरी त्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. मेळाव्यात त्याने घाईने टिपले ते प्रामुख्याने चालींचे सांगाडे. छापताना त्याने त्या पियानोसाठी बसविल्या, त्यांना समकालीन यूरोपीय पद्धतीचा स्वरसंवाद जोडला व अनेक जुन्या स्वरपंक्तींना मेजर-मायनर ह्या चौकटीत आणले. पितळी तार कशी छेडावी, कधी थांबवावी, डावा-उजवा हात एकमेकांना कसे पूरक असावेत, ह्या गोष्टी त्या काळच्या स्वरलिपीत मावणाऱ्या नव्हत्या. १८४० च्या संग्रहात मात्र त्याने वादकांकडून ऐकलेल्या स्वरालंकारांची आयरिश नावे व ते वाजविण्याची रीत थोडक्यात दिली आहे. जुन्या हातांविषयीची ही जवळजवळ एकमेव प्रत्यक्ष साक्ष होय.

हार्प-शाळा आणि हिंदुस्थानातील वर्गणी : केवळ लेखनाने परंपरा टिकणार नाही, हे ओळखून १८०८ मध्ये बेलफास्ट येथे आयरिश हार्प संस्था स्थापन झाली. आर्थर ओनील हा अंध वादक तेथे अंध मुलांना शिकवीत असे. त्याने सांगितलेल्या आत्मचरित्रातून फिरत्या वादकांच्या जीवनाची मौलिक माहिती मिळते. पैशाअभावी ही शाळा काही वर्षांतच बंद पडली. १८१९ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, ती हिंदुस्थानात नोकरी करणाऱ्या आयरिश गृहस्थांनी पाठविलेल्या वर्गणीच्या बळावर. मायदेशातील श्रीमंत वर्ग उदासीन असताना परदेशात गेलेल्यांनी हा आधार द्यावा, ही गोष्ट लक्षणीय आहे. हा निधी संपल्यावर १८३९ मध्ये संस्था कायमची बंद झाली. तेथे शिकून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांना चरितार्थ चालविण्यासारखा आश्रय समाजात उरला नव्हता. बेलफास्टच्या शाळेत शिकलेला पॅट्रिक बर्न (मृ. १८६३) हा धातूच्या तारांच्या हार्पचा अखेरच्या नामवंत वादकांपैकी एक होय. १८४५ मध्ये हिल व ॲडमसन ह्यांनी घेतलेली त्याची छायाचित्रे उपलब्ध आहेत. परंतु ध्वनिमुद्रणाचा शोध लागण्यापूर्वीच तो मरण पावला. अशा रीतीने परंपरेच्या अखेरच्या वादकांपैकी एकाची आकृती टिकली, नाद मात्र टिकला नाही.

नवे वाद्य : जुनी परंपरा क्षीण होत असतानाच डब्लिनमधील वाद्यकार जॉन ईगन ह्याने १८२० च्या सुमारास तातेच्या (प्राण्यांच्या आतड्यापासून केलेल्या) तारांची, सहज नेता येण्याजोगी लहान हार्प बनविली. तिची तांत्रिक रचना यूरोपीय पेडल-हार्पवरून घेतली होती; आकार मात्र जुन्या आयरिश हार्पची आठवण करून देणारा होता. आजची केल्टिक हार्प ही ह्या वाद्याची वंशज आहे. तिला साधारणपणे ३४ तारा असून त्या तातेच्या, नायलॉनच्या किंवा अन्य कृत्रिम द्रव्याच्या असतात. प्रत्येक तारेजवळ मानेवर एक लहान खटका असतो. तो वर केला की तारेचा कंपनभाग आखूड होऊन स्वर अर्ध्या स्वराने चढतो. हार्प ‘इ फ्लॅट मेजर’ मध्ये जुळविल्यास ह्या खटक्यांच्या साहाय्याने आठ मेजर स्वरपट्ट्या मिळू शकतात. मात्र खटका फिरविण्यासाठी एक हात क्षणभर तारांवरून काढावा लागतो.

हे वाद्य कॉन्व्हेंट शाळांतून मुलींना शिकविले जाऊ लागले व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते प्रामुख्याने गायनाच्या साथीचे वाद्य बनले. मेरी ओ’हारा (ज. १९३५) ह्या गायिकेमुळे १९५० नंतर त्याला आंतरराष्ट्रीय प्रसिद्धी लाभली. १९६० मध्ये ‘कारद्ये ना क्रुट्ये’ (हार्पचे मित्र) ही संस्था स्थापन झाली आणि शिक्षणास व नव्या रचनांस चालना मिळाली. स्कॉटलंडमध्ये ‘क्लारशख सोसायटी’ १९३१ पासून हेच कार्य करीत होती. ब्रिटनीमध्ये आलँ स्तिव्हेल ह्याने वडिलांनी १९५३ मध्ये बनविलेल्या हार्पवर वादन सुरू केले. १९७१ मधील त्याच्या ध्वनिमुद्रिकेमुळे ‘केल्टिक हार्प’ हे नाव जगभर रूढ झाले.

नृत्यसंगीताचे वादन : आयर्लंडमधील आजच्या पारंपरिक संगीताचा मोठा भाग नृत्यसंगीताचा आहे. रील (४/४), जिग (६/८), स्लिप जिग (९/८) व हॉर्नपाइप हे त्याचे मुख्य प्रकार होत. बहुतेक चालींत आठ मात्राखंडांचे दोन भाग असून प्रत्येक भाग दोनदा वाजवितात. त्यांच्या स्वरपंक्ती बहुधा बिलावल, खमाज, काफी व आसावरी ह्या थाटांतील सप्तकांशी जुळणाऱ्या असतात. हे संगीत फिडल (व्हायोलिन), बासरी आणि कोपराने भाता दाबून वाजविले जाणारे इलन पाइप्स ह्या वाद्यांवर वाढले. जुन्या दरबारी हार्पवादकांचा त्याच्याशी थोडाच संबंध होता. त्यामुळे १९७० पर्यंत हार्प ही पारंपरिक वादकांच्या बैठकीत जवळजवळ परकी होती.

ह्या संगीताची खरी ओळख स्वरालंकारांत आहे. ‘कट’ मध्ये मुख्य स्वराआधी वरचा स्वर क्षणमात्र स्पर्शला जातो. ‘रोल’ मध्ये मुख्य स्वर, वरचा स्वर, पुन्हा मुख्य स्वर, खालचा स्वर व अखेर मुख्य स्वर असा पाच स्वरांचा वळसा असतो. ‘ट्रेबल’ मध्ये एकच स्वर तीनदा वेगाने उमटतो. फिडलवर कमानीच्या झटक्याने हे सहज साधते. हार्पवर मात्र कंप पावत असलेल्या तारेला बोट पुन्हा लागताच नाद खुंटतो व खरखर निर्माण होते. कॉर्क परगण्यातील मॉइरे नी खाहसी (ज. १९५६) ह्या वादिकेने १९७० नंतर ह्या अडचणीवर पद्धतशीर तोडगा काढला. एकाच तारेवर अनामिकेपासून अंगठ्यापर्यंतची वेगवेगळी बोटे क्रमाने वापरणे, पुढील स्वरांवर बोटे आधीच ठेवणे आणि पाइप्सवरील अलंकारांना हार्पवर सुसाध्य असे पर्याय शोधणे, ही तिच्या शैलीची वैशिष्ट्ये होत. डाव्या हातात सलग स्वरसंघातांऐवजी आधारस्वर, षड्ज-पंचम जोड्या व आघात किंचित सरकवून दिलेले खालचे स्वर वापरले जातात. त्यामुळे लय जड होत नाही. ही शैली तिच्या १९८५ च्या ध्वनिमुद्रिकेतून सर्वत्र पोहोचली. पुढील पिढीतील जॅनेट हार्बिसन, लीशा केली इ. वादकांनी तिचा विस्तार केला. ‘द चीफ्टन्स’ ह्या प्रसिद्ध वाद्यवृंदातील डेरेक बेल (१९३५–२००२) ह्यानेही हार्पला समूहवादनात स्थान मिळवून दिले.

संथ चालींचे वादन ह्याहून वेगळे असते. त्या मूळच्या गीतांच्या चाली असल्याने त्यांना काटेकोर ताल नसतो. शब्दांच्या उच्चारानुसार स्वर लांबविले वा आखूड केले जातात. मूळ आयरिश गीत ठाऊक असल्याखेरीज अशी चाल नीट वाजविता येत नाही, असे जाणकार वादक मानतात. बंटिंगच्या संग्रहांत शब्द गाळले गेल्याने झालेली हानी येथे विशेष जाणवते.

पितळी तारांचे पुनरुज्जीवन : ओ’कॅरलनच्या रचना नव्या हार्पवर सर्रास वाजविल्या जात असल्या, तरी त्यांचा मूळ नाद वेगळा होता, ह्याची जाणीव १९६० नंतर वाढू लागली. रचनाकार शॉन ओ रियादा (१९३१–७१) ह्याने आपल्या वाद्यवृंदात हार्पऐवजी हार्पसिकॉर्ड वापरला. जुन्या हार्पचा धातूचा नाद त्याला त्यात अधिक जवळचा वाटे. कवी डब्ल्यू. बी. येट्स ह्याची स्नुषा ग्रॉन्ये येट्स (१९२५–२०१३) ह्या वादिकेने धातूच्या तारांची हार्प पुन्हा व्यासपीठावर आणली व बेलफास्टच्या मेळाव्यातील संगीत ध्वनिमुद्रित केले. अमेरिकेतील ॲन हेमन ह्यांनी बंटिंगच्या त्रोटक नोंदींवरून नखांचा वापर व तारा शांत करण्याचे तंत्र ह्यांची पुनर्रचना केली. २००२ मध्ये स्थापन झालेली आयर्लंडची ऐतिहासिक हार्प संस्था जुन्या वाद्यांच्या प्रतिकृती तयार करवून त्यांवर शिक्षण देते. हे सर्व प्रयत्न अभ्यासपूर्ण असले, तरी ती पुनर्रचनाच होय. हेम्पसनचा हात प्रत्यक्ष ऐकलेल्या शिष्यापासून आजच्या वादकापर्यंत अखंड चालत आलेली अशी परंपरा नाही.

राष्ट्रचिन्ह : वादनपरंपरेला उतरती कळा लागली असता हार्पच्या चित्राचा प्रसार मात्र वाढत गेला. सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीने आयर्लंडसाठी पाडलेल्या नाण्यांवर ती प्रथम दिसते. पुढे ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठलेल्या ‘युनायटेड आयरिशमन’ ह्या संघटनेनेही तेच चिन्ह स्वीकारले. गिनेस संस्थेने १८७६ मध्ये हार्प हे व्यापारचिन्ह म्हणून नोंदविले. १९२२ मध्ये आयरिश फ्री स्टेटने ट्रिनिटी हार्पच्या आधारे आपली राजमुद्रा तयार केली. तिच्यातील हार्पची दिशा गिनेसच्या चिन्हाच्या उलट आहे. १९२८ पासून नाण्यांवर व २००२ पासून आयर्लंडच्या यूरो नाण्यांवरही हार्प आहे.

२०१९ मध्ये यूनेस्कोने आयरिश हार्पवादनाचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक सूचीत समावेश केला. आज आयर्लंडमध्ये दोन्ही प्रवाह एकमेकांशेजारी नांदत आहेत : तातेच्या वा नायलॉनच्या तारांवरील नृत्यसंगीताची जिवंत शैली आणि पितळी तारांवरील जुन्या संगीताचा शोध. पहिला प्रवाह जुना नसला, तरी तो पारंपरिक वादकांच्या सहवासातून, ऐकून शिकण्याच्या रीतीने वाढला आहे. दुसऱ्याचे संगीत जुने आहे. परंतु ते ग्रंथांवरून व वाद्यांच्या अवशेषांवरून पुन्हा उभे करावे लागले आहे. मौखिक परंपरेत चाल लेखनाने वाचविता येते, पण वादन एका हातातून दुसऱ्या हातात गेले तरच टिकते, हे आयरिश हार्पच्या इतिहासावरून स्पष्ट होते.